हिशोब आधी वस्तीला

अगं, धर्मादाय कार्यालयाकडून संस्थेच्या नोंदणीचा दाखला हातात आला म्हणालीस, ऐकून फार बरं वाटलं. सात जणांच्या सह्या जमवणं, नियमावली पुन्हा पुन्हा टाइप करणं, त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणं, सगळं तू एकटीने निभावलंस. पेढे वाटून झाले असतील तर आता जरा निवांत बस. मला बोलायचंय ते दाखल्यानंतर जे सुरू होतं त्याबद्दल.

आधी सावध करते. येत्या काही महिन्यांत गावात तुझ्याबद्दल बोललं जाईल. ‘संस्था काढली म्हणजे पैसा आलाच,’ ‘पोरांच्या नावावर अनुदान उचलते,’ ‘बघा, आता गाडी येईल दारात.’ तुझ्या कानावर आलं की आधी रडू येईल, मग संताप होईल. पदरचे पैसे घालून ऊसतोड कामगारांच्या मुलांचा अभ्यासवर्ग चालवायचा आणि वर हे ऐकायचं! पण चिडू नकोस. कागदावरच्या शाळा, कागदावरची गुरं, नवरा अध्यक्ष, बायको सचिव आणि मेहुणा खजिनदार अशा संस्था लोकांनी डोळ्यांनी पाहिल्यात. संशय घ्यायला ते अनुभवातून शिकलेत. ‘मी तशी नाही हो’ असं कितीही सांगितलंस तरी तो संशय जाणार नाही. कागद दाखवलेस तर हळूहळू जाईल.

म्हणून माझं मुख्य सांगणं एवढंच, की हिशोब आधी वस्तीला दे. मग सीएला, मग धर्मादायला, मग देणगीदाराला. सगळं जग तुला याच्या बरोबर उलटा क्रम शिकवेल. पैसे देणारा मुंबई-पुण्यात बसलेला असतो, त्याला इंग्रजीतला रंगीत अहवाल जातो. आणि ज्यांच्या मुलांच्या नावाने ते पैसे आले, त्या आईबापांना किती आले आणि कुठे गेले हे कधीच कळत नाही. यात बहुतेक वेळा कुणाचा वाईट हेतूही नसतो. देणगीदार विचारतो म्हणून त्याला सांगितलं जातं, वस्ती विचारत नाही म्हणून राहून जातं. पण वस्ती विचारत का नाही? कारण विचारलं तर मुलाला वर्गातून काढतील, पुढच्या वेळी दप्तर मिळणार नाही, अशी धास्ती तिच्या मनात असते. ती धास्ती घालवणं तुझं काम आहे, त्यांचं नाही.

राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेबद्दल वाचलंयस ना? अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या लहानशा खेड्यात मातीच्या घरात राहायला गेली आणि १९९० मध्ये संघटना उभी राहिली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती. का, म्हणून विचारलं की उत्तर यायचं, तुमचं काम कमी भरलंय, कागदावर तसंच आहे. मग लोक म्हणाले, तो कागदच दाखवा. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपत्रकं आणि बिलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांची नावं वाचली जात होती तीच माणसं समोर बसलेली. मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो, असं एकेक जण उठून सांगू लागला. देशाचा २००५ चा माहिती अधिकार कायदा ज्या लढ्यांतून आला, त्यातला एक मोठा लढा इथे सुरू झाला.

पण मला त्यांचं जे सगळ्यात जास्त आवडतं ते वेगळंच. जो नियम त्यांनी सरकारला लावला तोच स्वतःला लावला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांचं मानधन सरकारी किमान मजुरीच्या हिशोबाने, आणि संघटनेचे स्वतःचे जमाखर्चही लोकांसमोर उघडे. ग्रामसेवकाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकणाऱ्या, पण आपल्या संस्थेची व्हाउचरची फाइल कपाटात कुलपात ठेवणाऱ्या मंडळींशीही तुझी गाठ पडेलच. त्यांच्याशी वाद घालू नकोस. तू तुझी फाइल उघड.

कशी उघडायची, ते सांगते. मंडप, माइक, पाहुणे काही नको. बॅनर तर मुळीच नको. बॅनर आला की हाराचं सामान येतं, मग सरपंच येतात, भाषणं होतात आणि हिशोब राहतो. वस्तीवरच, समाजमंदिरात नाही तर कुणाच्या अंगणात, बायका रानातून परत आल्यावर बसायचं. तारीख निवडताना मात्र डोकं लाव. तुझी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाबरोबर निघतात, कोल्हापूर-सांगलीला, कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. संस्थेची वार्षिक सभा तू डिसेंबरात घेतलीस, तर ज्यांचा हिशोब आहे ते सगळे उसाच्या फडात, आणि सभेला तू, विश्वस्त आणि गावातले दोन रिकामटेकडे! एक बैठक दसऱ्याच्या आधी ठेव, एक ते परतल्यावर मे महिन्यात.

आकडे कळणार नाहीत त्यांना, असं तुला कुणीतरी नक्की म्हणेल. त्या शहाण्याला बचत गटाच्या बैठकीत नेऊन बसव. कुणी किती भरले, कुणाचा हप्ता चुकला, व्याज किती, बँकेत शिल्लक किती, हे त्याच बायका दर महिन्याला तोंडी सांगतात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, फिटली किती आणि अंगावर राहिली किती, हे ज्यांना वर्षानुवर्षं डोक्यात ठेवावं लागतं त्यांना अभ्यासवर्गाचा जमाखर्च कळणार नाही? कळत नाही ती आपली भाषा. ‘कार्यक्रम खर्च’, ‘क्षमता बांधणी’, ‘इतर’ असं वाचशील तर कुणालाच काही कळणार नाही, आणि खरं सांगू, बऱ्याचदा तशी भाषा वापरण्यामागे तोच हेतू असतो. तू सरळ सांग. वह्या किती रुपयांच्या आणल्या, कुठल्या दुकानातून. खोलीचं भाडं किती. शिकवणाऱ्या दोघींना महिन्याला किती दिले. खाऊवर किती गेले. तू तालुक्याला जाऊन आलीस त्याचं एसटीचं तिकीट किती. व्हाउचरची फाइल मध्ये ठेव, आणि वस्तीतल्याच वाचता येणाऱ्या एखादीला म्हण, कुठलंही पान उघड आणि वाच.

पहिल्या बैठकीत कुणी काही विचारणार नाही, हे लक्षात ठेव. सगळे मान हलवतील आणि चहा पिऊन जातील. खचू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत एखादी म्हातारी विचारेल, ‘वह्या एवढ्या आणल्या, माझ्या नातवाला दोनच कशा?’ त्या दिवशी तुझं काम खरं सुरू झालं असं समज. तिचा प्रश्न इतिवृत्तात लिही, उत्तरही लिही. उत्तर नसेल तर कधीपर्यंत देणार ते लिही.

तुझ्या मानधनाचं काय, असा प्रश्न तुझ्या मनात घोळतोय, मला माहीत आहे. घे. बिनदिक्कत घे. आपल्याकडे बाईने समाजकार्य केलं तर ते फुकटच करावं अशी समजूत आहे, आणि ती मोडली पाहिजे. फुकट काम करणारी बाई दोन-चार वर्षांत दमते, घरचे वैतागतात, संस्था बंद पडते आणि मुलं होती तिथेच राहतात. फक्त मानधन विश्वस्तांच्या ठरावाने ठरव, तू स्वतः ठरवू नकोस, आणि तो आकडा वस्तीच्या बैठकीत स्वतःच्या तोंडाने सांग. लपवलेल्या पाच हजारांवर गाव वर्षभर बोलतं. सांगितलेल्या दहा हजारांवर पंधरा दिवस बोलतं आणि गप्प होतं.

आणि हे बोलताना आणखी एक सांगून टाकते, कारण हे कुणी उघड बोलत नाही. काही ठिकाणी कार्यकर्त्यांकडून पूर्ण पगाराच्या पावतीवर सही घेतात आणि त्यातला काही भाग ‘संस्थेला देणगी’ म्हणून परत मागतात. कारण मोठं उदात्त सांगितलं जातं. प्रकल्प संपल्यावर संस्था चालायची कशी, स्थानिक वाटा दाखवायचा कसा, वगैरे. तुझ्या शिकवणाऱ्या मुलींच्या बाबतीत असं कधीही करू नकोस, आणि कुठला मोठा भागीदार तसं सुचवेल तर तिथूनच परत फिर. खोट्या पावतीवर सही केलेल्या मुलीला तू उद्या खरेपणा कुठल्या तोंडाने शिकवणार? बरं, नीतीचं सोड, व्यवहाराचं बोलते. ती मुलगी ज्या दिवशी नाराज होऊन जाईल, त्या दिवशी ती सगळीकडे सांगेल, आणि तिचं काही चुकणार नाही.

कायद्याचा भाग पटकन उरकते, कारण तो अवघड नाही, नुसता कंटाळवाणा आहे. आपल्याकडे संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदली जाते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली सार्वजनिक न्यासही होते, म्हणून धर्मादायचा संबंध कायमचा. विश्वस्तांमध्ये बदल झाला, कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, की ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा. हे लोक करत नाहीत. मग दहा वर्षांनी कागदावर मेलेली माणसं विश्वस्त असतात आणि बँक सही बदलून देत नाही. वर्ष ३१ मार्चला संपतं, ऑडिट करून हिशोब ३० सप्टेंबरच्या आत गेले पाहिजेत. आयकर सवलतीची ८०जी मान्यता मिळाली की दोन हजारांवरची देणगी रोखीने घेऊ नकोस, त्यावर देणगीदाराला सवलत मिळत नाही. बँकेत दोन सह्या, आणि त्यातली एक तुझ्या घरातली नको. भावाचं नाव घातलंयस विश्वस्तांत, मला दिसलं ते. काढ. तो भला माणूस आहे, तरी काढ. तुझा शब्द खोडू शकेल असा निदान एक विश्वस्त तिथे हवा, आणि वस्तीतलं कुणीतरी हवं. ऊसतोडीला जाणारी बाई विश्वस्त झाली तर बैठकांच्या तारखाही आपोआप सरळ होतील. आणि ठराव वही घरी बसून एकहाती भरायची नाही. बैठक झाली तर लिहायचं, झाली नाही तर झाली नाही.

आता दुसरा विषय, माझ्या मते जास्त कठीण. पैसे चोख ठेवलेस, म्हणून काम चांगलं होतंय असं नाही. एक रुपयाही इकडचा तिकडे न करता वर्षानुवर्षं निरुपयोगी काम करणाऱ्या संस्था आहेत. प्रामाणिक आहेत, मेहनती आहेत, आणि त्यांच्यामुळे कुणाचं काही बदललेलं नाही. हे म्हणायला जड जातं, कारण ती आपलीच माणसं असतात.

तुझ्या पहिल्या अर्जात मी वाचलं, ‘६० मुलांना लाभ’. मला सांग, लाभ म्हणजे काय झालं त्यांचं? जूनमध्ये ६० नावं लिहिलीस. दिवाळीनंतर वर्गात किती होती? जानेवारीत किती? जी आईबापांबरोबर फडावर गेली त्यांची नावं तू रजिस्टरातून कमी केलीस का? केली असशील तर वर्षअखेरीला वर्गात उरलेली मुलं चांगली वाचतात असं दिसेल आणि अहवाल सुंदर होईल. पण जी गेली त्यांच्यासाठीच तर तू वर्ग काढला होतास! ६० ते ६०च ठेव. वर्षाच्या शेवटी ६० पैकी किती इथे राहिली, किती गेली, गेलेल्यांतली किती परत शाळेत बसली, हे लिही. आकडा लहान दिसेल, पण खरा असेल आणि त्यातून तुला पुढचं काम कळेल.

मुलं खरंच शिकली का, हे बघायला मोठी परीक्षा लागत नाही. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेची मंडळी २००५ पासून ‘असर’ पाहणीत जे करतात तेच तू कर. एक कागद. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला द्यायचं, काही मिनिटांचं काम. त्यांची माणसं शाळेत न जाता घरोघर जातात, कारण जे मूल शाळेत नाही ते घरीच सापडतं. देशभरात खेड्यांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये जेमतेम निम्मी, ५०.५ टक्के होती. कोविडनंतर २०२२ मध्ये ती ४२.८ टक्क्यांवर आली. हे आकडे आपल्याला ठाऊक आहेत ते कुणीतरी दारात बसून मुलाला वाचायला लावलं म्हणून. तूही जूनमध्ये, दसऱ्याच्या आधी आणि मेमध्ये हा कागद फिरव. आणि आईच्या समोर वाचायला लाव. तिला वाचता येत नसलं तरी पोरगं अडखळतंय की धडाधड वाचतंय हे तिला बरोबर कळतं.

त्याच ‘प्रथम’ची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात त्यांनी अर्थशास्त्रज्ञांबरोबर मिळून स्वतःचंच काम तपासायला घेतलं. त्यांत पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लोही होते. २८० गावं घेतली. काही गावांत बैठका घेऊन लोकांना सांगितलं, शाळेसाठी गावाची शिक्षण समिती असते, तिचे हे अधिकार, हा तिचा पैसा. काही गावांत त्याच्या जोडीला गावकऱ्यांनाच मुलांचं वाचन तपासायला शिकवलं. काही गावांत या सगळ्याबरोबर गावातल्याच तरुणांना थोडं प्रशिक्षण देऊन वाचनाचे वर्ग सुरू केले. आणि काही गावांत मुद्दाम काहीच केलं नाही, म्हणजे तुलना करता यावी. आपल्यासारख्यांना काय वाटेल? जागृती झाली, गाव उठलं, शाळा सुधारली. तसं काही झालं नाही. बैठका झाल्या, लोक आले, बोलले, आणि समिती होती तिथेच राहिली, शाळेत फरक पडला नाही. फरक पडला तो वाचनाच्या वर्गांनी. जी मुलं तिथे आली ती वाचायला शिकली. पण तिथेही गावातली फार थोडी मुलं आली, शंभरातली आठेक. हे सगळं त्यांनी छापून जगासमोर ठेवलं. बैठकांचे फोटो होते, हजेरीच्या सह्या होत्या, त्यांवर एक झकास अहवाल सहज झाला असता. तो न करता त्यांनी शाळांमध्ये काय बदललं ते मोजलं, आणि उत्तर आवडलं नाही तरी लिहिलं.

तुलनेचा मुद्दा तुझ्या लक्षात राहावा म्हणून आपल्याकडचंही सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांची काळजी घरातच घ्यायची पद्धत बसवली, गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी ३९ गावांत काम केलं, आणि ४७ गावांत ते काम न करता फक्त जन्म-मृत्यू मोजले. कशाला? कारण त्याच काळात सरकारी दवाखाना सुधारला असता, रस्ता झाला असता, पीक चांगलं आलं असतं, तरीही मृत्यू कमी झाले असते, आणि श्रेय आपण घेऊन बसलो असतो. ‘सर्च’च्या गावांत सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्याच्या आत दगावत होती, तीन वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. दुसऱ्या गावांत तशी घट झाली नाही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात त्यामागे हेही काम आहे. एवढ्या मोठ्या अभ्यासाची तुला गरज नाही. पण जिथे तुझा वर्ग नाही अशा शेजारच्या एका वस्तीतल्या मुलांनाही तोच वाचनाचा कागद देऊन बघ. दोन्हीकडे सारखंच निघालं तर मन घट्ट करून विचार कर.

‘सर्च’चं आणखी एक. आदिवासींना मोठ्या पांढऱ्या इमारतीतल्या दवाखान्याची भीती वाटते हे कळल्यावर त्यांनी दवाखाना आदिवासी घरांसारखा झोपड्यांचा बांधला आणि माँ दंतेश्वरी देवीच्या नावाने सुरू केला. लोकांना विचारलं म्हणून ते सुचलं. तूही विचार. हंगामी वसतिगृह गावात असूनही अमुक आई लेकराला मागे का ठेवत नाही? तिला वसतिगृहातलं जेवण खटकतं, की बारा वर्षांची मुलगी तिथे रात्री सुरक्षित वाटत नाही, की फडावर धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला तीच मुलगी लागते? तिन्ही उत्तरांवर तीन वेगळी कामं आहेत, आणि त्यांतल्या एकावरही ‘जनजागृती मेळावा’ हा उपाय नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर ऐक. हिशोब फक्त पैशाचा नसतो. तुझ्या संस्थेत मुलं येतात, तरुण मुली काम करतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, त्या समितीचा फोन नंबर भिंतीवर लाव. आणि मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ हे वाक्य तुझ्या बैठकीत कुणी उच्चारलं, मग तो कितीही ज्येष्ठ असो, त्याला तिथल्या तिथे थांबव. चांगल्या चांगल्या संस्था या एका वाक्याने आतून पोखरल्या गेल्यात.

देणगीदारांबद्दल जास्त बोलत नाही, ते तुला अनुभवाने कळेल. कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि तो पैसा हवा तर संस्थेचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आत्ता तुझ्याकडे कुणी येणार नाही, आणि ते एका परीने बरंच आहे. पहिली तीन वर्षं गावातल्या शिक्षकाचे पाचशे, दुकानदाराच्या वह्या, पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलाचे महिन्याचे हजार, यांवर चालव. हे लोक येता-जाता वर्गात डोकावतात. परदेशी पैशाचा विचार आत्ता करूच नकोस. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला आलेला परदेशी निधी तुझ्यासारख्या छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादाही पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली.

कंपनीवाले येतील तेव्हा एक मूल पाच कार्यक्रमांना आलं म्हणून पाच लाभार्थी लिहायला सांगणारा कुणीतरी भेटेलच. नाही म्हण. दप्तर देतानाचा फोटो मागतील, मान खाली घातलेल्या मुलाचा. तोही नाही म्हण. वाचणाऱ्या मुलाचा दे, आईला विचारून. आणि जे जमलं नाही ते पहिल्याच अहवालात लिही, की एवढी मुलं फडावर गेली, आम्हाला थांबवता आली नाहीत, आम्हाला ही कारणं दिसतात. काही देणगीदार तेवढ्यावरून जातील. जे राहतील त्यांच्याशी तुला नीट बोलता येईल. हिशोब लिहिणाऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात घालायला लाजू नकोस. सगळा पैसा मुलांवर आणि हिशोब लिहायला कुणी नाही, असली काटकसर परवडत नाही.

कधी कधी एखादं काम थांबवावं लागेल, तेही सांगून ठेवते. शिवणवर्ग घेतेस ना तू शनिवारी? त्या वर्गातल्या किती जणींनी पुढे मशीन घेतली, ते वस्तीत फिरून बघ. एकीनेही घेतली नसेल तर तो वर्ग बंद कर आणि बंद का केला ते बैठकीत सांग. वर्गातल्या मशीनचे पैसे देणाऱ्यालाही सांग.

दसरा फार लांब नाही. त्याच्या आधीची एखादी संध्याकाळ वस्तीतल्या बायकांना विचारून पक्की कर आणि मला कळव. मी येईन, पण बोलायला मला उभं करू नकोस. हिशोब तू वाच, प्रश्नांना उत्तरं तू दे. आणि आल्यावर व्हाउचरची फाइल बघेन, ती तयार ठेव.